तिन्हीसांजेचं विरजण

शनिवार होता, पाऊस होता, आणि जिना सुलेखाच्या वाट्याचा होता.

स्टुटगार्टच्या चढावरच्या त्या घरात एक लाकडी पाटी होती. ती ज्याच्या दारावर लटकली, त्याने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ह्याला इथे केरवोखे म्हणत. नावातच केर, म्हणून सुलेखाला पहिल्या दिवशी हसू फुटलं होतं. पण घरमालकीण फ्राऊ केलर हसण्यातली नव्हती. पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवून ते बोट ती सुलेखाच्या नाकासमोर धरायची. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला कऱ्हाडहून आलेली मुलगी मग मुकाट्याने पुन्हा फडकं पिळायची.

त्या शनिवारीही पदर खोचून ती पुसत होती, आणि तोंडाने आपोआप आईची ओवी चालली होती...

सांजेच्या गं पारी, नको देऊ दूध दही
निघाली लक्षुमी, मागं वळून बघत नाही...

खालचं दार उघडलं. ओल्या हवेचा झोत आला, मागोमाग बुटांचा आवाज. मान वर न करताच ती जर्मनमध्ये ओरडली, "पाय पुसा!"

"पुसले," खालून उत्तर आलं. मराठीत. "दोनदा."

फडकं हातातच राहिलं. खाली एक उंच माणूस उभा होता. टोपीवरून पाणी निथळतंय, आणि डोळे असे, की जत्रेत हरवलेलं पोर घरच्या माणसाला बघतंय.

"ओवी पुरी करा की," तो म्हणाला. "मी थांबतो. नाहीतरी पायरी वाळल्याशिवाय तुम्ही वर सोडायच्या नाहीत."

"ओवी पुरीच आहे."

"मग पुन्हा म्हणा."

सुलेखाने पदर सोडला, बादली उचलली, आणि कान तापल्याचं त्याला दिसू नये म्हणून पाठ फिरवली. बासष्ट सालचा ऑक्टोबर होता तो.

श्यामकांत मूळचा श्रीवर्धनचा. झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात पंप आणि थंडाव्याच्या यंत्रांवर इंजिनीअर होता. वडील गेले, गावी आपलं असं कुणी उरलं नाही, म्हणून आई आणि धाकटी बहीण वीणा ह्यांना त्याने इकडे आणलं होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला आला, आणि महिन्याच्या आत बिऱ्हाड लागलंही.

बिऱ्हाड लागलं, पण श्यामकांतच्या आईंच्या घशाखाली भात उतरेना. बाटलीतलं जर्मन योगुर्ट त्यांनी चमच्याने हलवलं, वास घेतला, आणि बाटली दूर सारली. "हे दही नाही हो. भिंतीला लावायचा चुना आहे."

आणि सुलेखाकडे विरजण होतं. कऱ्हाडहून निघताना तिच्या आईने मलमलीच्या तुकड्यावर दही वाळवून घडी ट्रंकेत घातली होती. बोटीतून जिनोआ, तिथून आगगाडी... ती घडी इथे दुधात भिजली आणि जागी झाली. रात्री लोकरी मोज्यात गुंडाळून सुलेखा भांडं शेगडीशेजारी निजवी. फ्राऊ केलरला वाटे, ह्या मुलीने मांजर पाळलंय.

डिसेंबरात एका संध्याकाळी श्यामकांत दारात आला. हातात पितळी वाटी.

"आईनं थोडं विरजण मागितलंय."

सुलेखाने खिडकीबाहेर पाहिलं. ट्रामच्या रस्त्यावर दिवे लागले होते.

"आता नाही मिळायचं."

"का?"

"दिवे लागले. तिन्हीसांजेला दूध-दही देत नाहीत."

"अहो, साडेचार वाजलेत!"

"मग मी काय करू? इथली तिन्हीसांज साडेचारला होते."

"म्हणजे हिवाळाभर मला दही मिळायचंच नाही तर. मी निघतो अंधारात, येतो अंधारात."

"रविवारी या," ती म्हणाली. मग दार लावता लावता, फटीतून... "उजेडी."

तो रविवारी आला. पुढच्याही रविवारी आला. वास्तविक विरजण एकदा नेलं की झालं. रोजच्या दह्यातूनच पुढचं लागतं. पण वरच्या घरातलं विरजण दर शनिवारी कसं कोण जाणे संपून जायचं.

"काल सगळं खाऊन टाकलं," तो गंभीरपणे सांगायचा.

"चमचाभरही ठेवलं नाहीत?"

"ठेवलं होतं. मग आठवलं, उद्या रविवार."

अशी थट्टा. दरवाज्याच्या आत पाऊल नाही, बोटाला बोटाचा स्पर्श नाही. वाटी इकडून तिकडे जायची, एवढंच. आणि मधल्या वारी कधी जिन्यात गाठ पडली, तर तो मुद्दाम खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचा, "दिवे लागले का हो?" ती म्हणायची, "लागले." दोघं हसायची. त्या घरात मराठी हसू दुसऱ्या कुणाला कळणारं नव्हतं, हे किती बरं होतं!

पण जानेवारीत आईंचा दमा उठला. दगडी कोळशाचा धूर, वर बर्फ. डॉक्टर म्हणाले, ह्यांना उबेची, समुद्राची हवा हवी. आई उशीला टेकून धापा टाकत हसल्या. "समुद्र! अरे, माझा श्वास श्रीवर्धनच्या पुळणीवर राहिलाय, हे डॉक्टरला कुणी सांगितलं?"

श्यामकांत वाळत चालला. गावी परतावं तर घर नाही की काम नाही. इथे राहावं तर आई राहायची नाही.

आणि मग ते सुलेखानेच केलं. ज्या हाताने विरजण दिलं, त्याच हाताने. संशोधन संस्थेच्या वाचनालयात तिला वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली: स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, मालागाजवळ, एक जर्मन कंपनी प्रवाशांसाठी मोठं हॉटेल बांधते आहे, पंप आणि थंडाव्याचं काम जाणणारा, जर्मन आणि थोडं स्पॅनिश बोलणारा माणूस हवा. तिने कात्री मागून घेतली. कापताना हात थबकला. क्षणभरच. मग डोळ्यांपुढे धापा टाकणाऱ्या आई आल्या, आणि कात्री चालली.

"स्पॅनिश मला कुठे येतं?" श्यामकांत म्हणाला.

"खाली कार्मेन आहे ना."

तळमजल्यावरची कार्मेन स्पेनहून कारखान्यात कामाला आली होती. तिने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आमचं अख्खं गाव पोटासाठी इथे थंडीत कुडकुडायला येतंय, आणि तुम्ही उलटे तिकडे? वेडी आहात का सगळी?" पण शिकवायला बसली. श्यामकांतच्या सोबतीला सुलेखाही शिकायला बसली. समुद्र, मासे, घर, खिडकी... शब्द घोकता घोकता तिच्या मनात एक घर उभं राहू लागलं. पांढऱ्या भिंतीचं. गच्चीत आई सांडगे घालताहेत, वीणा केस वाळवते आहे, आणि आत शेगडीशेजारी... छे, तिथे मोजा कशाला? तिथे उन्हातच दही लागेल.

"तू का शिकतेस?" एकदा श्यामकांतने विचारलं. एव्हाना तो तिला 'तू' म्हणू लागला होता.

"सहज."

"सहज एवढी क्रियापदं पाठ करतेस?"

"कधी... समुद्र बघायला आले तर?"

त्याने मान वर केली. पेन्सिल बोटात तशीच. आता बोलेल, असं तिला वाटलं. तो म्हणाला, "ये ना. नक्की ये," आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

उन्हाळ्यात नोकरीचं पक्कं झालं. ऑक्टोबरात निघायचं. सुलेखाचं संशोधन अजून बरंच राहिलं होतं. पण थांबणं काय, थांबता येतं. थांबायला शब्द मात्र हवा. तो कुणी द्यायचा?

एकदा वेणी घालून देता देता आई म्हणाल्या, "तुझे वडील बघताहेत का गं कुठे?"

हाच प्रश्न तिला हवा होता. पण घरात शिकवलेलं तोंडावर आलं. मुलीच्या जातीने अशा वेळी जे म्हणायचं तेच. "इतक्यात नाही, मावशी. मला कुठे घाई आहे?"

"हं," आई म्हणाल्या. कंगवा मध्येच थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

आईंच्या घरची रीत अशी, की बोलणं मुलीकडून यावं. मुलाकडच्यांनी मुलगी मागायला जायचं नाही. सुलेखाला वाटे, वडील दूर कऱ्हाडात. मी त्यांना लिहू तरी काय? ह्यांनी एकदा म्हणावं, मग लिहीन. श्यामकांतला वाटे, हिच्या मनात असतं तर 'घाई नाही' म्हणाली असती का? सगळे एकाच जिन्यावर उभे, आणि जो तो दुसऱ्यासाठी वाट सोडून भिंतीला टेकलेला.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, दार वाजलं.

श्यामकांत होता. हातात तीच पितळी वाटी.

"पहाटेची गाडी आहे," तो म्हणाला. "विरजण देतेस? तिकडे न्यायला."

त्याच्या मागे जिन्यातला दिवा होता. खिडकीबाहेर टेकडीवरचे दिवे एकेक करून लागत होते. सुलेखाच्या मनात आलं, हा विरजणच मागतोय. अजूनही विरजणच! वर्षभर थट्टा केली, आता तरी दुसरं काही माग ना रे. आणि रडू येईल म्हणून ती हसली. नेहमीचंच म्हणाली.

"दिवे लागले."

तो हसला नाही. वाटीत बघत राहिला.

"आजही नाही?"

"रीत ती रीत," ती म्हणाली. जीव ओठांशी आला होता. हा म्हणेल, बरं, मग सकाळी उजेडी ये माझ्याबरोबर. हा म्हणेल... काहीतरी म्हणेल.

"बरं," तो म्हणाला. दोन पायऱ्या चढून थांबला, मागे वळला. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग नुसती पावलं वर गेली.

रात्रभर तिला झोप नव्हती. झुंजुमुंजू व्हायच्या आत तिने ताज्या दह्याची बरणी मोज्यात घातली आणि पहिल्या ट्रामने स्टेशन गाठलं. पूर्वेला आकाश फटफटत होतं. नियमाप्रमाणे आता द्यायला हरकत नव्हती.

फलाटावर ट्रंका, वळकट्या, आई शालीत. सुलेखाला बघून आईंनी तोंड फिरवलं. रागाने नाही, हे तिला दिसलं. डोळे टिपायला.

"विरजण," बरणी पुढे करत ती श्यामकांतला म्हणाली. "आता उजाडलंय."

त्याने बरणी घेतली नाही. "सुलेखा, आईनं काल कौल लावला होता."

"कसला कौल?"

"आमच्याकडे देवीला लावतात. ओली फुलं चिकटवायची, उजवं पडलं की होकार. इथे देवी कुठली... आई म्हणाली, जा, तिन्हीसांजेला मागून बघ. सगळ्या जगाला नाही म्हणते, तुला दिलं तर तिच्या मनात आहे असं समजेन. मग मुलीकडच्यांची वाट न बघता मीच तिच्या वडिलांच्या पाया पडेन."

इंजिनाने वाफ सोडली. सुलेखाला आधी काही ऐकूच आलं नाही, आणि मग सगळं ऐकू आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं तर तो कौल कसला?"

"मग आता सांगा ना त्यांना... आता देते आहे मी..."

"काल रात्रीच बाड हॉम्बुर्गला फोन झाला. श्रीनाथमामा असतात तिथे, त्यांच्या बायकोची भाची मालिनी. ते कधीचे विचारत होते, आई थांबवून धरत होती." त्याचा आवाज खाली गेला. "शब्द दिलाय."

दिलेला शब्द. कऱ्हाड काय, श्रीवर्धन काय, त्याची किंमत दोघांनाही सारखीच माहीत होती. मालिनी नावाची कुणी मुलगी आज सकाळी कुठेतरी लाजत उठली असेल.

"आणि तुम्ही?" सुलेखाने विचारलं. आवाज शांत होता, तिलाच नवल वाटलं. "जिन्यात वळलात तेव्हा काही बोलणार होतात. कौल सोडून, तुमचं तुम्ही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. हरवलेलं पोर.

"बोलणार होतो. मग वाटलं, नाही म्हणालीस की. दोनदा कशाला म्हणायला लावायचं..."

"नाही म्हणाले ते दह्याला हो, तुम्हाला नव्हे."

गार्डाने शिट्टी फुंकली. सुलेखाने बरणीचं झाकण काढलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. ते बायको घालते, आई घालते, बहीण घालते. आपण ह्यातली कोण, हे तिने स्वतःला विचारलं नाही. "हात पुढे करा," म्हणाली. त्याच्या तळव्यावर दह्याची कवडी ठेवली. वर्षभरात पहिल्यांदा तिची बोटं त्याच्या हाताला लागली. थंडगार होता हात.

त्याने दही तोंडात घातलं.

बरणी तिने आईंच्या मांडीवर ठेवली. "उन्हात ठेवू नका हो, मावशी. तिकडे लवकर आंबट होईल."

आईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "माझंच चुकलं गं पोरी. तोंड असून फुलं विचारीत बसले." गाडी हलली तसं मनगट सुटलं. बरणी गेली, वाटी गेली. एका खिडकीतून एक हात कितीतरी लांबपर्यंत बाहेर राहिला.

ती परत आली. दारावर लाकडी पाटी लटकत होती. आठवडा तिचाच होता. तिने पदर खोचला आणि वरच्या मजल्यापासून जिना पुसायला घेतला. त्या दोन खोल्यांच्या दाराशी बुटांचे ओले ठसे होते. ते तिने तेवढे राहू दिले. फ्राऊ केलरने पाहिलं, बोट उचललं... आणि सुलेखाचा चेहरा बघून खाली घेतलं.

संध्याकाळी टेकडीवर दिवे लागले. दार वाजलं तशी सुलेखा दचकून उठली. कार्मेन होती, हातात कपबशी.

"थोडं दूध आहे का गं? माझं संपलं." आणि लगेच आठवून तिने जीभ चावली. "अरे हो, दिवे लागले! तुझ्याकडे आता मिळत नाही. उद्या येते."

"थांब," सुलेखा म्हणाली.

तिने कप घेतला. दुधाचं भांडं उचललं आणि ओतू लागली. कप भरला, काठावर आला, बशीत सांडला. कार्मेन "पुरे, पुरे" म्हणत राहिली, सुलेखा ओतत राहिली. आणि तोंडाने आपोआप, आईच्या चालीवर, पण आईची नव्हे अशी...

सांजेच्या गं पारी, दिलं दूध, दिलं दही
जाणारं ते गेलं, आता राखायाचं काही नाही...