दोन ठोके

काकांच्या घरी कुणीही गेलं की पाच मिनिटांत ते पाहुण्याला मागच्या शेडमध्ये नेणार, हे ठरलेलंच. चहाही तिकडेच. पोस्टमन, गॅसवाला, विम्याचा एजंट, कुणी म्हणून सुटलं नव्हतं. एजंटाने तर त्यानंतर गल्लीच बदलली, असं काकू सांगायच्या. गल्लीत सगळे त्यांना काका-काकूच म्हणत, आपणही तेच म्हणू.

शेडमध्ये लोखंडी टेबलावर एक मशीन उभं होतं. काकांनी दगडखाणीत दगड उपसणाऱ्या ज्या जुन्या शॉवेलवर बावीस वर्षं काढली, तिची ही हुबेहूब प्रतिकृती. खऱ्या मशीनचे सहा फूट, तर इथे एक फूट. हायड्रॉलिकच्या आधीचा जमाना तो. सगळा कारभार वायर रोपवर. ड्रम फिरला की रोप गुंडाळला जायचा, बकेट दगडात दात रोवत वर चढायची, आणि मग केबिन, इंजीन, बकेटचा लांब हात म्हणजे बूम, आत बसलेला ऑपरेटर असा सगळा डोलारा खालच्या तबकडीवर गर्रकन फिरायचा. काकांनी यातलं तयार असं काही आणलं नव्हतं. चाकांच्या जागी असलेल्या साखळीपट्ट्याचे शहात्तर तुकडे कानशीने घासून केले होते. तबकडीच्या चक्राला एकशे आठ दाते, तेही हाताने. रोप म्हणजे सायकलच्या ब्रेकची तार उलगडून पुन्हा बारीक पिळलेली. मोटर तेवढी भंगारातली, ट्रकच्या वायपरची.

"चार वर्षांत माझ्या कुकरचं हँडल नाही बसवलंत," काकू म्हणायच्या, "आणि त्या खेळण्याला मात्र नट सुद्धा हाताने!"

"खेळणं नाही ते," काका म्हणायचे. पण मग ते काय आहे, हे मात्र कधी सांगायचे नाहीत. ताकाला तूर लागू द्यायचे नाहीत.

पहिली गोष्ट घडली ती एका साध्यासुध्या दुपारी. रंग बाकी होता, म्हणून काकांनी मशीनला ग्रीस लावलं नव्हतं. ग्रीसवर रंग बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जेवायला ते घरात गेले, अर्ध्या तासाने परतले, तर एकूण एक बेअरिंग ग्रीसने भरलेलं. आणि काम असं बेतशीर की काका दोन मिनिटं नुसते बघत राहिले. जिथे ग्रीस बाहेर आलं होतं, तिथे ते वरच्या बाजूला पुसून घेतलं होतं.

"माझ्या मशीनला हात कुणी लावला?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"मला काय धाड भरलीये तुमच्या लोखंडाला तेल पाजायला?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच लावलं असेल. साठी बुद्धी नाठी."

 असेलही, म्हणून काकांनी सगळं रॉकेलने पुसून काढलं. शेडला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जरा आडवे झाले. उठून कुलूप उघडलं तर मशीन पुन्हा ग्रीसने भरलेलं. या वेळी त्यांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. ड्रमच्या बेअरिंगपाशी, पुसलेल्या ग्रीसच्या टोकाला, एक ठसा होता. अंगठ्याचा. आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. रेषा मोजता येतील इतका स्वच्छ, आणि त्या रेषांवरून तिरपी गेलेली एक खोल चीर.

काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांच्या पाचावर धारण बसली होती. कारण तो अंगठा त्यांच्या ओळखीचा होता. तो बारक्याचा अंगठा होता.

आता बारक्याचं सांगायला हवं. बारक्या म्हणजे काकांच्या मशीनवरचा ग्रीसवाला. अंगाने पाप्याचं पितर, म्हणून बारक्या. तबकडी आणि साखळीपट्ट्याचा सांगाडा यांच्यामधल्या फटीत शिरून आतल्या चक्राला ग्रीस देणं, हे काम खाणीत फक्त त्यालाच जमायचं. वायर रोपच्या सुटलेल्या तारेने त्याचा अंगठा एकदा फाटला होता, आणि ग्रीस पुसायचा तो त्याच अंगठ्याने, नेहमी वरच्या दिशेने. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बारक्याची मेल्यावरही गेली नव्हती.

तर त्या दोघांचा एक रिवाज होता. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नसत. म्हणून बारक्या आत शिरताना पान्याने सांगाड्यावर दोन ठोके द्यायचा. बाहेर आला की तीन. दोन ठोके पडले की तीन पडेपर्यंत काकांनी डोलारा फिरवायच्या दांड्यांना हात लावायचा नाही. अठरा वर्षं हे बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी दोन ठोके पडले. खाली डंपर उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर घाईत होता. त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. काका थांबले. बरंच थांबले, असं त्यांना वाटलं. तीन ठोके झाले असतील, हॉर्नमध्ये ऐकू आले नसतील, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि दांडी ओढली.

चौकशीत साहेबांनी विचारलं, तीन ठोके ऐकलेत का? काका म्हणाले, हो, ऐकले. मग निकाल लागला, की बारक्या बाहेर आला आणि न सांगता पुन्हा आत गेला. चूक त्याचीच. त्याच्या बायकोनेही ते मान्य केलं. तिला काका वहिनी म्हणत. तीस वर्षं ती मेलेल्या नवऱ्याला बोल लावत आली होती, "कशाला तडमडायला गेला पुन्हा आत? घरी लेकरू आहे याचं तरी भान ठेवायचं!" आणि दर वेळी काका तिच्या घरी तिच्यासमोर बसून मान हलवत आले होते.

मशीन बनवायला घेतलं ते त्याचसाठी. केबिनजवळ कान नेल्यावर तबकडीखालचे ठोके हॉर्नमध्ये खरंच बुडतात का, एवढं त्यांना बघायचं होतं. बुडत असते, तर त्यांना निदान झोप लागली असती.

ठसा बघितल्यावर काकांनी चार दिवस शेड उघडलंच नाही. पाचव्या दिवशी स्वतःला शिव्या घालत उघडलं. माणूस लोखंडात हयात काढतो आणि ग्रीसच्या ठिपक्याला भितो, म्हणजे झालं काय! मोटरच्या तारा जोडल्या, केबिनमधल्या आगकाडीएवढ्या दांडीवर बोट ठेवलं.

टिक. टिक.

तबकडीखालून. पत्र्यावर नख वाजवावं तसा आवाज. दोनच.

काकांनी बोट उचललं नाही. दाबलंही नाही. ते थांबले. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं होतं, बादल्या भरल्या जात होत्या. पाऊण तास गेला. तिसरं काही वाजलं नाही. शेवटी त्यांनी बोट काढून घेतलं आणि बॅटरी लावून तबकडीखाली बघितलं. चक्र, दाते, ग्रीस. बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दांडीवर बोट ठेवलं की दोन ठोके, आणि पुढे काही नाही.

हे मशीन आपण कधीही चालवायचं नाही, असं काकांनी ठरवलं. त्यावर जुनी चादर टाकली. आल्यागेल्याला शेडमध्ये न्यायचंही बंद केलं.

"हे काय नवीन?" काकू म्हणाल्या. "चार वर्षं डोकं खाल्लंत आणि आता झाकून ठेवता? मी तर वहिनींना रविवारी बोलावलंय. दवाखान्यात भेटल्या होत्या. म्हणाल्या, ते मशीन मी कधी बघितलंच नाही, एकदा बघायचंय."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "नको म्हणून सांग त्यांना."

"का म्हणून? आता नको म्हणायला मला तोंड आहे का?"

वहिनी रविवारी दुपारी आल्या. थकल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवत शेडची पायरी चढल्या. काकूंनीच चादर ओढून काढली. वहिनींनी मशीनभोवती एक फेरी मारली. मग वाकून तबकडीखालच्या फटीत बघितलं.

"इथे शिरायचा का तो?"

"हो," काका म्हणाले.

"एवढ्याशा जागेत?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. "एकदा सुखरूप बाहेर आलेला माणूस इथे पुन्हा कशाला जाईल हो, भाऊजी? तीस वर्षं मी हेच विचारतेय. काय विसरला होता तो आत?"

सांगायचं असेल तर ते आत्ताच, हे काकांना कळत होतं. वाक्य तयार होतं. तीस वर्षांत ते त्यांनी हजार वेळा मनात म्हटलं होतं. वहिनी, तो बाहेर आलाच नव्हता. एवढंच.

"वहिनी, त्या दिवशी..."

"काय त्या दिवशी?"

काकू चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"काही नाही," काका म्हणाले.

"बरं, चालवून तरी दाखवा," वहिनी म्हणाल्या. "म्हातारीला बघू दे एकदा."

काकांनी दांडीवर बोट ठेवलं.

टिक. टिक.

"काय वाजलं?" वहिनींनी विचारलं.

"पत्रा. उन्हाने तापला की वाजतो."

त्यांनी थोडं थांबून बघितलं. थोडंच. दोन बायका समोर उभ्या असताना माणूस किती थांबणार? का थांबलात, असं विचारलं तर काय सांगणार? त्यांनी दांडी ओढली.

मोटर घुमली. डोलारा फिरू लागला, झकास फिरू लागला, लोण्यासारखा. पाव फेरी झाली. आणि एका जागी मोटरचा आवाज किंचित जड झाला. दांडीतून एक बारीकसा झटका काकांच्या बोटाला लागला. मग आवाज पुन्हा हलका झाला आणि डोलारा पुढे सरकला.

तो झटका काकांना पाठ होता. खऱ्या दांडीलाही तेव्हा एवढाच लागला होता.

"एवढंच होय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "छान केलंय हो. जाऊ दे. त्याचंच चुकलं."

त्या गेल्यावर काकांनी डोलारा उचलून बाजूला ठेवला. बॅटरी लावून आत बघितलं. तबकडीखाली काहीही नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता, ओरखडा नव्हता. ते मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

रात्री त्यांनी सगळं ग्रीस रॉकेलने पुसून काढलं. सोमवारी मशीन कोरडंच होतं. दुपारीही कोरडं. मंगळवारीही कुणी ग्रीस लावलं नाही. दांडीवर बोट ठेवलं, ठोके पडले नाहीत. सुटलो, असं काकांना वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. त्या दिवशी दुपारी ते पोटभर जेवले. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत येऊन बसले. समोरच्या खुर्चीत काकू उशीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या.

टण्. टण्.

काका ताठ झाले. हा आवाज नखाचा नव्हता. जाड पोलादी सांगाड्यावर वजनदार पाना आपटल्याचा होता. त्यांच्या खुर्चीखालून आला होता, फरशीच्या खालून.

"काय हो, काय झालं?" काकूंनी मान वर केली. "पांढरेफटक पडलात."

"ऐकलंस?"

"कुठेतरी काम चालू असेल."

"हलू नकोस," काका म्हणाले. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. पायाचा अंगठासुद्धा त्यांनी हलू दिला नाही. "मला हलता येणार नाही. तीन होईपर्यंत नाही."

"काय बडबडताय? डॉक्टरला बोलावू का?"

"वहिनींना फोन लाव. मला त्यांना सांगायचंय. मी तीन ठोके ऐकलेच नव्हते. तो बाहेर आला नव्हता. मी थांबलो नाही. रविवारीही थांबलो नाही."

काकूंचा हात टाक्यावरच राहिला. हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला.

"तीस वर्षं?" त्या म्हणाल्या. "त्या बाईसमोर बसून तिच्या हातचा चहा पीत होतात, आणि तीस वर्षं?"

"फोन लाव."

"लावते. आत्ता लावते. आणि बोलायचं तुम्ही, कळलं?" काकूंनी अभ्रा बाजूला ठेवला. फोन दाराजवळ चार्जिंगला लावलेला होता, चार पावलांवर. त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला.

दोन ठोके पडले. या वेळी काकूंच्या खुर्चीखाली.

काकू उठता उठता थांबल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, मग खाली फरशीकडे. खोलीत बराच वेळ काहीच वाजलं नाही.

मग काकू सावकाश पुन्हा बसल्या, आणि अजिबात आवाज न करता त्यांनी आपले दोन्ही पाय जमिनीवरून उचलून खुर्चीत घेतले.