दोघांनाही सुचलेले शब्द

यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. उलट थोडं गाळलंच आहे.

हे माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलं. तिला मी ताई म्हणते. ती प्रयोगशाळेत काम करते. तीन वेळा वजन केल्याशिवाय आकडा न लिहिणारी बाई आहे.

गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे चार. जागा, तिच्या आईचं, म्हणजे माझ्या मामीचं, तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.

मामांना जाऊन आठ महिने झाले होते.

मामा-मामींचा चाळीस वर्षांचा एक नेम होता. रोज चार वाजता पिशवीतून इंग्रजी अक्षरांच्या सात लाकडी चकत्या काढायच्या. त्या अक्षरांतून होतील तितके इंग्रजी शब्द दहा मिनिटांत आपापल्या कागदावर लिहायचे. जो शब्द दोघांनाही सुचला, तो बाद. मामा तो लाल पेन्सिलीने खोडत. उरतील तितके गुण.

मामांना हरणं कधी पचलं नाही. मामी तापाने फणफणली होती, तेव्हाही त्यांनी तिला एक शब्द सोडला नव्हता.

ते गेल्यावर मामी विसरायला लागली. डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. ताईने चकत्यांची पिशवी पुन्हा टेबलावर आणली. मामी एकटीच खेळू लागली. सवयीने एक कोरा कागद मामांच्या खुर्चीसमोरही ठेवायची.

त्या मंगळवारी मामीने अकरा शब्द लिहिले आणि ती हात धुवायला उठली.

ताईने कागद उचलला...

चार शब्द खोडलेले होते. लाल पेन्सिलीने.

मामांचा कागद कोराच होता.

आईनेच खोडले असतील, असं ताईने गृहीत धरलं.

संध्याकाळी मामी बाल्कनीच्या दाराशी उभी राहिली. खूप वेळ. मग वळून म्हणाली, "याचं काय करतात गं?"

खोडलेल्या चारांतला एक शब्द होता... 'डोअर'.

दुसऱ्या दिवशी 'स्पून' खोडला गेला. रात्री मामी हातातला चमचा उलटसुलट करून बघत बसली.

ताईने वही केली. एका रकान्यात खोडलेले शब्द, दुसऱ्यात मामी विसरलेल्या वस्तू. तीन आठवड्यांत तेवीस शब्द खोडले गेले. तेवीसच्या तेवीस गोष्टी गेल्या. न खोडलेलं काहीही मामी विसरली नव्हती.

मामी हात जोडून म्हणायची, बस कर आता. जिंकले ते, जिंकू दे त्यांना.

ताईला वाटलं, आजार बोलतोय. तिने आईला दटावलं आणि सकाळचाही एक डाव सुरू केला.

"हे मी केलं," असं ताई मला दोनदा म्हणाली.

शेवटी तिने लाल पेन्सिल घराबाहेर फेकली. मामीचं लिहून होताच ताईने कागद लोखंडी कपाटाच्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून समोर बसली. पंखा बंद. खिडकी बंद.

काही नाही.

काहीच नाही.

मग... खर्र.

खणाच्या आतून.

थोडं थांबून पुन्हा... खर्र.

तिने खण उघडला. दोन शब्द खोडलेले होते. दुसरा होता 'चाइल्ड'.

मागून मामीचा आवाज आला. अगदी सौजन्याचा.

"कोण हवंय आपल्याला?"

त्याच दिवशी ताईने पिशवी कचऱ्यात टाकली. खेळ बंद.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फायलीतून आवाज आला. मामीचे जुने कागद होते तिथे. आतापर्यंत खोडण्यातून वाचलेले शब्द एकेक करून खोडले जात होते.

ताई धावत खाली गेली. पिशवी अजून तिथेच होती. वर येऊन तिने सात चकत्या मांडल्या, मामांच्या खुर्चीसमोर कोरा कागद ठेवला आणि स्वतः आईच्या जागेवर बसून लिहू लागली.

फायलीतला आवाज थांबला.

दहा मिनिटांनी तिच्या कागदावरचा एक शब्द खोडलेला होता.

तेव्हापासून मामीचं आणखी काही गेलेलं नाही. लेकीला ती ओळखत नाही, पण जेवते, झोपते, फुलांची नावं सांगते. ताई रोज चारला खेळायला बसते. नोकरीही तिने सोडली.

परवा तिने मला तिचा स्वतःचा तो पहिला कागद दाखवला. खोडलेला शब्द वाचता येत होता. 'हीट'. मी तिला अर्थ सांगितला. मराठीतही सांगितला, उष्णता. तिने मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, आणि मी निघताना पुन्हा विचारलं.

तिच्या उजव्या तळव्याला जाड पट्टी होती. म्हणाली, "दुखतं खूप. कशाने झालं ते कळत नाही."

गॅसवर भांडं उकळत होतं.

मी अजूनही दर रविवारी त्यांच्याकडे जाते. चहा मात्र नको म्हणते.