पहिल्या हाकेला ओ

डॉ. वसुधा तारी यांना हाक मारायची तर दोनदा मारावी लागते, हे कासारपठार वेधशाळेत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. फाटकावर त्याचा मोबाइल काढून घेत. पेट्रोलची गाडी पठाराखालीच उभी करायला लावत, कारण तिच्या ठिणग्यांचा गोंगाटही अँटेनांना ऐकू येतो. आणि मग सांगत, "तारी मॅडम पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. त्या रागावल्यात असं समजू नका. पुन्हा हाक मारा."

बाईंचं बालपण देवगडकडच्या किनाऱ्यावर गेलेलं. तिन्हीसांजेला माडांतून कुणी नाव घेऊन बोलावलं की आई तोंडावर हात ठेवायची. "पयल्या हाकेक ओ देव नको. भूत एकदाच हाक मारता, माणूस परत मारता." पुढे वसुधाबाईंनी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केली, परदेशी विद्यापीठांत भाषणं दिली, भुताखेतांवरचा विश्वास कधीच सुटला, पण जीभ काही सुटली नाही. एवढंच नव्हे, परग्रहावरच्या बुद्धिमंतांचा शोध घेणारा आकाशश्रवण प्रकल्प त्यांच्या हाती आला तेव्हा त्याचा कणा म्हणून त्यांनी आईचं वाक्यच घातलं. त्याला नाव दिलं 'दुसऱ्या हाकेचा नियम'.

नियम साधा होता. अँटेनांवर आकाशातून एवढं काही कोसळत असतं की सगळं साठवायचं म्हटलं तर पठार पुरणार नाही. म्हणून चाळणयंत्र ते चाळतं. जी खूण निसर्गाची वाटत नाही तिला 'हाक' म्हणायचं आणि महिनाभर जपून ठेवायचं. तेवढ्यात आकाशाच्या त्याच ठिकाणाहून ती पुन्हा आली तर जगाला कळवायचं, नाही आली तर पुसून टाकायचं. एकदाच आलेली खूण म्हणजे उपग्रहाचा कचरा, यंत्राची उचकी किंवा भूत. जगातल्या बहुतेक वेधशाळांनी हा नियम उचलला होता आणि त्याचा बाईंना मनातून फार अभिमान होता.

आज मात्र बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रकल्पाचा पुढच्या दशकाचा आराखडा संध्याकाळपर्यंत दिल्लीला जायचा होता. तो मंजूर झाला नाही तर प्रकल्प बंद पडणार, हे वरून पुरेसं स्पष्ट कळवलेलं होतं. आराखडा तयार होता, फक्त सही राहिली होती. तरी बाई सकाळपासून श्रवणकक्षात येरझारा घालत होत्या. चहा दोनदा निवून गेला, चष्मा तीन ठिकाणी विसरला.

"मॅडम," मृण्मयी ढोबळे म्हणाली. थांबली आणि सवयीनं पुन्हा म्हणाली, "मॅडम."

"बोल."

मृण्मयी चाळणयंत्र सांभाळायची. तिशीतली, बोलायला हळू पण एकदा धरलेलं न सोडणारी. "ती एक हाक आली होती ना, तिचा महिना आज संपतोय. यंत्र आपोआप पुसेल. मी थांबवू का?"

"दुसरी आली?"

"नाही."

"मग कशासाठी थांबवायचं? मी तुझ्यापेक्षा जास्त अशा हाका ऐकल्यात, मृण्मयी. प्रत्येक वेळी हीच ती, असं वाटलंय. म्हणून तर नियम केला, वाटण्यावर विज्ञान चालत नाही."

"नियम बरोबरच आहे मॅडम. पण ही उपग्रहाची नाही. पृथ्वी फिरते तशी हिची कंप्रता, म्हणजे फ्रीक्वेन्सी, सरकत गेली, म्हणजे ती पृथ्वीवरची नाही. दोन टोकांच्या अँटेनांवर ती वेळेच्या ज्या अंतरानं पोचली, त्यावरून ती चंद्रापलीकडून, फार फार लांबून आली. मृगाखालचा तो तांबडा तारा आहे ना, बारा प्रकाशवर्षांवरचा, बरोबर तिथून. आणि उजेड-अंधाराची ही पट्टी बघा. यादृच्छिक वाटते, कशीही विखुरलेली, पण तिला काहीतरी चाल आहे. मला ती सापडत नाही एवढंच."

बाईंनी पडद्याकडे बघायचं टाळलं. खरी गोष्ट अशी की गेला महिनाभर त्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती पट्टी बघत होत्या आणि दुसरी हाक आली का म्हणून यंत्राला विचारत होत्या. ती आली नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं याची भीती वाटत होती.

एवढ्यात दार ढकलून डॉ. इम्तियाज मुजावर आत आले. पठाराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ग्रहवेधी रडारचे ते प्रमुख. लघुग्रहांवर रेडिओलहरी सोडायच्या आणि प्रतिध्वनीवरून ते किती लांब, कुठे चाललेत हे मोजायचं, हा त्यांचा उद्योग. माणूस मूळचा गडहिंग्लजचा, जिभेला हाड नसलेला, मनानं निर्मळ. आज मात्र चेहरा उतरलेला होता.

"वसुधाबाई, आराखड्यातलं सातवं कलम वाचलं मी. ग्रहवेधी रडार मोडीत काढावं, कारण त्याच्या गोंगाटानं श्रवणात व्यत्यय येतो. गोंगाट! बारा गावचं पाणी प्यालेला माणूस मी, पण माझ्या रडारला असं कुणी बोललं नव्हतं."

"मुजावर, तुम्हाला वाईट वाटणार हे मला माहीत होतं. पण दिल्लीला दोन्ही पोसायची नाहीयेत. कान ठेवायचा की तोंड, असा प्रश्न आला तर मी कानच ठेवणार."

"आणि उद्या कुणी ऐकू आलं तर बोलणार कशानं?"

"आधी ऐकू तर येऊ दे," बाई म्हणाल्या.

मुजावर आणखी काही बोलणार होते. पण त्यांची नजर पडद्यावर गेली आणि ते बोलायचे थांबले. बोलायचे थांबलेले मुजावर या वेधशाळेत कुणी पाहिले नव्हते. ते खुर्ची ओढून बसले, पट्टीवर बोट ठेवून पुटपुटत पुढे सरकले, पुन्हा मागे आले.

"ही कंप्रता कुठली?"

मृण्मयीनं आकडा सांगितला.

"पूर्वी आमचं रडार यावरच चालायचं. पुढं बदललं. पोरी, ही पट्टी कुठनं आली तुझ्याकडं?"

"त्या ताऱ्याकडून, सर."

"हा माझा पाढा आहे," मुजावर म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. रडारमधून नुसती लहर सोडली तर परत आलेली आपली ओळखू येत नाही. म्हणून तिच्यावर होय-नाहीचा एक लांब क्रम चढवतात. तो यादृच्छिक दिसतो, पण गणिताच्या एका छोट्या नियमातून निघतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी असा एक क्रम स्वतः रचला होता. एका लघुग्रहावर तो सोडत असताना वानरांची टोळी आली, एकानं ट्रान्सफॉर्मरवर उडी घेतली, आणि क्रम निम्म्यावर तुटला. वानर मेलं, रडार आठवडाभर बंद, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. लघुग्रह तोवर निघून गेला, त्यामुळे तो क्रम पुन्हा कधी सोडलाच नाही.

"पण लघुग्रह केवढा, लहर केवढी," मुजावर म्हणाले. "त्याच्यावर आपटली ती चिमूटभर. बाकीची त्याच्या मागं सरळ निघून गेली. मागं तेव्हा कोण होतं, ते मी आज पहिल्यांदा विचारतोय."

मृण्मयीनं त्या दिवसाचं आकाश यंत्रावर मांडलं. लघुग्रहाच्या मागे मृगाखालचा तो तांबडा तारा होता.

"म्हणजे आपलीच लहर परतून आली?" तिनं विचारलं.

"परतून आली असती तर पहिला निम्मा दिसला असता. हा दुसरा निम्मा आहे. वानरानं तोडला तिथून पुढचा. हा मी कधी सोडलेला नाही. मी 'सात सक' म्हणालो आणि वीज गेली. कुणीतरी तिकडनं 'बेचाळीस' म्हणतंय."

बाई खुर्ची ओढून बसल्या. मग डोकं चालू लागलं, आणि पहिला आला तो संशय. रडार मोडीत निघणार, आणि नेमका आज मुजावरांचा पाढा सापडतो.

मुजावरांनी तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचला असावा. "संशय घ्या बाई. मी तुमच्या जागी असतो तर घेतला असता."

"त्यांना नाही जमणार, मॅडम," मृण्मयी म्हणाली. "जवळच्या टेकडीवरून सोडलेली लहर अँटेनांवर वक्र पोचते. ही सपाट आली, म्हणजे फार लांबून. आणि ही महिन्यापूर्वीची आहे, तेव्हा सातवं कलम लिहिलेलंही नव्हतं."

"पण निम्म्यावरून पुढचा क्रम कुणाला कसा कळेल?"

"कळतो. अशा क्रमाचा पुरेसा तुकडा हाती आला तर मागचा नियम गणितानं काढता येतो. काढायची इच्छा मात्र पाहिजे."

मुजावरांनी कागद ओढून हिशेब केला. जायला बारा वर्षं, यायला बारा. वानर मेलं त्या दिवसापासून ही खूण आली त्या दिवसापर्यंतच्या काळातून ती वजा केली. "विचार करायला त्यांनी पंधरवडासुद्धा घेतला नाही, बाई. ऐकलं, नियम काढला आणि लगेच उत्तर दिलं. आपण किती वेळ घेतला असता?"

"आपण महिनाभर दुसऱ्या हाकेची वाट बघितली असती," बाई म्हणाल्या, "आणि पुसून टाकलं असतं."

हे त्या बोलून गेल्या आणि मग स्वतःच्याच वाक्याला अडखळल्या. त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. मृण्मयीला वाटलं त्यांना बरं वाटत नाही.

"दुसरी येणारच नाही," त्या म्हणाल्या. "आपण मूर्ख आहोत. मी आहे. अगं, हाक दोनदा मारतात. ओ एकदाच देतात. मी तुला 'ओ' म्हटलं आणि तू गप्प राहिलीस, तर मी 'ओ, ओ' करत बसेन का? मी तू बोलायची वाट बघेन. ही हाक नव्हे. हाक आपण मारली होती. हा ओ आहे."

"मग आतापर्यंत पुसलेल्या?" मृण्मयीनं विचारलं.

रडारं जगभर आहेत, त्यांच्या लहरी कुठे कुठे गेल्यात याचा पत्ता कुणी ठेवलेला नाही, आणि एकेकट्या खुणा तर सगळ्यांनीच पुसल्या होत्या, बाईंच्याच नियमाप्रमाणे. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मुजावरांनी पाण्याचा पेला पुढे केला. "गेलेलं गेलं बाई. हा एक आहे ना?"

पण बाईंच्या मनात आईचं वाक्य आता उलट्या बाजूनं उभं राहिलं होतं. भूत एकदाच हाक मारतं. त्या ताऱ्यापाशी कुणीतरी एक हाक ऐकली, निम्म्यावर तुटलेली. ओ दिला. आता कान लावून बसलेत. आणि इकडे, हाक मारणाऱ्यांच्या घरात, रडार मोडायचा कागद सहीसाठी तयार आहे.

"मुजावर," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडेही कुणाची आई असेल, तर तिच्या लेखी भूत आपण आहोत."

त्यांना शेवंतामावशी आठवली. शेजारच्या घरातली. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतला नव्हता. अख्ख्या वाडीत ती एकटीच पहिल्या हाकेला ओ द्यायची, कुणाचीही असो, कितीही काळोख असो. बायका दटावायच्या, भूत झडपेल म्हणायच्या. वसुधा तेव्हा लहान होती, तिला वाटायचं मावशी वेडी आहे. पहिल्या हाकेला ओ कोण देतं, ते आज कळलं. ज्याला कुणीतरी हाक मारावी म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो, तो देतो.

त्यांनी मृण्मयीला यंत्राचं पुसणं थांबवायला सांगितलं, आराखडा पुढे ओढला आणि सातवं कलम खोडलं. त्या जागी लिहिलं: ग्रहवेधी रडार जुन्या कंप्रतेवर आणावं, पहिला पूर्ण क्रम मृगाखालच्या ताऱ्याकडे सोडण्याची आंतरराष्ट्रीय परवानगी तातडीनं मागावी, आणि ती मिळेपर्यंत एकदाच आलेली कुठलीही खूण पुसू नये. मग वर जाऊन पहिलं कलमही खोडलं. ते दुसऱ्या हाकेच्या नियमाचं होतं.

"दिल्ली हसेल," मुजावर म्हणाले. "एका वानराच्या साक्षीवर दहा वर्षांचा आराखडा. प्रकल्प बंदसुद्धा पडेल."

"पडू दे. पण आपण ओ ऐकला होता हे तरी लिहिलेलं राहील."

"आणि परवानगी मिळाली तरी उत्तराला चोवीस वर्षं. मी हाय-नाय, तुम्ही तर..."

"मी नसेनच. मृण्मयी असेल." बाईंनी सही केली.

मग त्या बाहेर पडल्या. पठारावर ऊन कलतं झालं होतं आणि पांढऱ्या अँटेना सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. त्यांना वर्षानुवर्षं बघूनही आज पहिल्यांदाच बाईंना त्या मुक्या वाटल्या. बारा वर्षं ओ तिथून इकडे येत होता, तेव्हा बाई इथे बसून नियम लिहीत होत्या. त्यांना घाई झाली, नुसती घाई, जणू कुणीतरी दारात ताटकळत उभं आहे आणि घरात किल्ली सापडत नाहीये.

मागून मृण्मयीनं दारातून हाक मारली, "मॅडम," आणि सवयीप्रमाणे दुसरी मारायला श्वास घेतला.

"ओ," बाई म्हणाल्या.