एकशे बारा बाटल्या

सगुणा झोऱ्यांच्या भांड्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. सासूनंसुद्धा ठेवलं नव्हतं, आणि ती सासू देवाच्या मूर्तीतही खोट काढायची, म्हणजे बघा! त्यामुळे सडा जलजीव केंद्राच्या प्रयोगशाळेत उभं असताना "तुमचा डबा अस्वच्छ होता" हे वाक्य कानावर पडलं, तेव्हा सगुणाला वाटलं, हा साहेब दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. तिनं मागे वळूनही पाहिलं. मागे फक्त शीतपेट्या होत्या.

साहेब म्हणजे निनाद टिपणीस. वय चौतीस, पुण्याहून नवा ठसावाचक घेऊन आलेला, आणि तो ठसावाचक त्यानं स्वतःच बनवलेला. माणूस वाईट नव्हता. पण आपलं यंत्र चुकेल, ही शंका त्याच्या मनाला अजून शिवली नव्हती.

सगुणा बावीस वर्षं केंद्राची जलवेचक होती. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पंचेचाळीस किलोमीटरच्या टापूत जांभ्या दगडातली एकोणचाळीस तळी आहेत. पायी जायचं, डब्यानं पाणी उपसायचं, बाटलीत भरायचं, वर तारीख घालून केंद्रात आणायचं, हे तिचं काम. पाण्यातला प्रत्येक जीव कात टाकतो, चिकटा सोडतो, विष्ठा टाकतो, आणि त्या प्रत्येक कणात त्याची जनुकं असतात. तळ्यात कोण राहतं हे एवढ्याशा पाण्यावरून सांगता येतं, याला जलठसा म्हणतात. ही सोय रुळली आणि पंधरा वर्षांपूर्वी सरकारनं स्पर्शबंदी आणली. दुर्मीळ प्राण्याला हात लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, फक्त पाणी घ्यायचं. गावात कुणी चेष्टेनं "काय गो, पाणक्याचं काम करतेस?" म्हटलं की सगुणा सांगायची, "पाणी सगळेच भरतात ओ. माझं पाणी बोलतं!"

आणि आज तेच पाणी तिच्याविरुद्ध बोललं होतं.

"जुनं यंत्र फक्त प्रजाती सांगायचं," निनाद डॉ. तनुजा परुळेकरांना समजावत होता. त्या केंद्राच्या प्रमुख, उभी हयात याच सड्यावर काढलेल्या. "नवं यंत्र नग ओळखतं, मॅडम. माणसाच्या बोटाचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसा प्रत्येक जीवाचा जनुकठसा वेगळा. पाण्यात जितके वेगळे ठसे, तितके जीव. मी तुमच्या साठवलेल्या सगळ्या बाटल्या पुन्हा वाचल्या."

"सडाकिरव्याच्या किती निघाल्या?" तनुजाबाईंनी विचारलं. सडाकिरवा म्हणजे या सड्यावरचा तांबूस खेकडा. जगात दुसरीकडे कुठेच नाही. साध्या माळकिरव्यासारखाच दिसतो, पण जलठसा वेगळा.

"बाटल्या एकशे बारा. तळी एकोणचाळीस. वर्षं बावीस." निनाद थांबला. "ठसा मात्र एक."

"एक म्हणजे?"

"सगळ्या बाटल्यांत एकाच किरव्याचा. किरवा जगतो किती?"

"पाच वर्षं. फार तर सहा."

"हा बावीस वर्षं जगला आणि एकोणचाळीस तळी हिंडून आला? शक्य नाही. म्हणून यंत्रातच नियम आहे: एक ठसा दोन ठिकाणी आला, तर भांडं घाण समजायचं. पहिल्याच वर्षी कधीतरी एका किरव्याचा अंश डब्याला चिकटला आणि डबा कधीच नीट धुतला गेला नाही. एकशे बाराच्या एकशे बारा नोंदी बाद झाल्या. खरी नोंद एकच, मी परवा माझ्या हातानं पाणखोलच्या तळ्यातून कोऱ्या बाटलीत भरलेली. तिच्यातही एकच ठसा आला. तोच, म्हणजे डब्यात शिरला होता तो."

"तुमचा एक किरवा बावीस वर्षं जगत नाही म्हणता, आणि परवा तोच सापडला?" सगुणा बोलली.

निनाद जरा गडबडला. "तुमच्याच डब्यातून तो अंश तळ्यातही गेला असेल. किंवा हा एक खरंच फार जगला असेल. कसंही असो, एकापेक्षा जास्त नाहीत."

त्याच्या हातात राज्याच्या समितीचे, त्याच्याच सहीचे दोन कागद होते. पहिल्यात लिहिलं होतं, की सडाकिरव्याचा शेवटचा नग पाणखोलमधून उचलून पुण्याच्या संगोपनगृहात न्यावा आणि तळ्यांचं संरक्षण उठवावं. त्यासाठी एक नग पकडायची परवानगी सोबत जोडली होती. दुसरा कागद सगुणाच्या नावाचा होता. हलगर्जीपणाबद्दल सोमवारपासून कामावरून कमी.

सगुणाला रडू आलं नाही, संताप आला. "साहेब, डबा मी औषधाच्या पाण्यात तीनदा विसळते. मग उकळत्या पाण्यात. मग उन्हात पालथा. घरी एकवेळ चहाचा कप तसाच राहील, पण हा डबा नाय! माझ्या पोरीच्या लग्नादिवशी मी मांडवातून उठून डबा धुवून आलेय, विचारा बाईंना."

तनुजाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सगुणा, मला माहीत आहे गं. पण ठसा खोटं कसं बोलेल? बावीस वर्षांत एखाद्या वेळी चुकतो माणूस."

हे मात्र तिच्या काळजाला लागलं. परका बोलला तर त्याला उलटं बोलता येतं. जिच्या हाताखाली आयुष्य गेलं, तिनंही डबा घाणच धरला, यावर काय बोलणार? सगुणानं डबा उचलला, नळाखाली धरला, आणि त्या दोघांदेखत पुन्हा धुतला. तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पाणखोलला गेली. सगुणाला यावंच लागलं, कारण किरवा हातानं धरता येणारी तीच एक होती. स्पर्शबंदीच्या आधी सात वर्षं तिनं पाण्याबरोबर हेही काम केलं होतं. कार्तिकातलं ऊन कातळावर पसरलं होतं, तळं काठोकाठ भरलं होतं. निनादनं हातात मावेल असा छोटा ठसावाचक काढला, त्याच्या टोकाला नवी सुई लावली आणि सगळं स्वच्छ असल्याची दोनदा खात्री केली.

सगुणा गुडघाभर पाण्यात उतरली. पाण्याखालच्या कपारीत तिनं हात घातला, डोळे मिटले, आणि मागून कवच पकडून किरवा बाहेर काढला. त्यानं नांगी उगारली, पण तिच्या बोटापर्यंत ती पोचेना. पंधरा वर्षांत हात जराही विसरला नव्हता, आणि तेवढ्या रागातही तिला स्वतःचा अभिमान वाटला.

निनादनं सुई टेकवली. यंत्रावर अक्षरं उमटली: *सडाकिरवा. नग क्रमांक एक.*

"हाच!" निनाद हरखला. "शेवटचा. जपून बादलीत ठेवा."

सगुणानं तो बादलीत ठेवला आणि पुन्हा कपारीत हात घातला.

"अहो, काय करताय? परवानगी एकाचीच आहे!"

"आत अजून आहेत."

"ते साधे माळकिरवे असणार."

"मग माळकिरव्याला बंदी नाय." तिनं दुसरा वर काढला आणि त्याच्या पुढ्यात धरला. "टेकवा सुई."

निनादनं टेकवली. *सडाकिरवा. नग क्रमांक एक. नोंद आधीच झाली आहे.*

त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग बादलीत पाहिलं. बादलीत किरवा होता. सगुणाच्या हातातही किरवा होता.

"सुई," तो म्हणाला. "पहिल्याचा अंश सुईला राहिला असेल."

"धुवा," सगुणा म्हणाली. "नीट धुवा हां. घाई करू नका."

त्यानं सुई बदलली. यंत्राचं टोक औषधात बुडवलं, एकदा, दोनदा, तीनदा. सगुणा पाण्यात उभी राहून मोजत होती. मग त्यानं पुन्हा टेकवली. *नग क्रमांक एक. नोंद आधीच झाली आहे.*

सगुणानं तिसरा काढला, चौथा काढला. दरवेळी निनाद कोरी सुई लावायचा, दरवेळी यंत्र तेच सांगायचं. सातव्या किरव्याला त्याच्या कपाळावर घाम आला. बादलीत सात जण एकमेकांच्या अंगावर चढत होते आणि यंत्राच्या लेखी ते सगळे मिळून एक होते.

"आता सांगा साहेब," सगुणा म्हणाली, "भांडं कोणाचं घाण?"

निनाद अजून बादलीतच बघत होता. पण तनुजाबाई चटकन कातळावर मांडी घालून बसल्या. त्यांनी एकेक किरवा उलटा केला आणि पोटावरची झडप पाहिली. मादीची झडप रुंद असते, नराची अरुंद, टोकदार.

"मादी," त्या म्हणाल्या. "मादी. ही पण मादी. सातच्या सात! सगुणा, नर कुठे आहेत?"

"यांच्यात नर नसतोच की."

"नसतो म्हणजे?"

"मी सात वर्षं हातानं धरले, माळकिरवा हाताला वेगळा लागतो. यांच्यात एक नर बघितला नाय. तरी झडपेखाली पिल्लं असायचीच."

"अगं, मग सांगितलं का नाहीस मला?"

"त्यात सांगायचं काय? मला वाटलं, एवढं तर शिकलेल्यांना माहीत असेल." सगुणानं ओले हात पदराला पुसले. "आणि विचारलं कोणी? तुम्ही म्हणालात पाणी आण, मी पाणी आणलं."

तनुजाबाईंनी कपाळाला हात लावला, आणि मग हसायलाच लागल्या. "निनाद, लक्षात येतंय का? ही नराशिवाय विते. नर नाही म्हणजे दोघांच्या जनुकांची सरमिसळ नाही. मुलगी म्हणजे आईची तंतोतंत मातृप्रत. नात म्हणजे मुलीची. तुझा नियम काय होता?"

"वेगळे ठसे तितके जीव," निनाद हळूच म्हणाला. "इथे वेगळा ठसा कुणाचाच नाही. हजार असले तरी यंत्र एकच म्हणणार." त्यानं यंत्र खाली ठेवलं. "आणि एकशे बारा बाटल्या..."

"एकशे बारा बाटल्या स्वच्छ होत्या," तनुजाबाई म्हणाल्या. "एकोणचाळीस तळ्यांत किरवे आहेत आणि बावीस वर्षं आहेत. पिढ्या आल्या नि गेल्या, ठसा तोच. खेकड्यांत नराशिवाय चालणारा एवढा मोठा गोतावळा जगात कुठे नोंदलेला नाही, आणि आपण तो घाण डबा म्हणून खोडला!" मग त्या उठल्या आणि सगुणासमोर उभ्या राहिल्या. "मी काल जे बोलले ते बोलायला नको होतं. माझं चुकलं."

सगुणाचे डोळे भरून आले. "असू दे बाई," ती म्हणाली, आणि सातही किरवे एकेक करून पाण्यात सोडले.

निनादनं खिशातून तिच्या नावाचा कागद काढून फाडला. "हे पत्र रद्द. आणि एक सांगतो सगुणाताई, हा किरवा माझ्या यंत्राला कधीच मोजता येणार नाही. तो हातानंच मोजावा लागेल, आणि तो मोजणारा हात सध्या एकच आहे. समितीला मी स्वतः तसं लिहीन."

सगुणाची मान ताठ झाली. खोटं कशाला बोला, हे ऐकून तिला फार बरं वाटलं. पण ती बावीस वर्षं पाण्याकडे बघून विचार करायला शिकली होती, आणि तिच्या मनात एक गोष्ट अडकली.

"साहेब, हा घाण भांड्याचा नियम फक्त आमच्या सड्यापुरता आहे?"

"नाही. सगळ्या राज्यात तेच यंत्र आहे."

"मग अशी पत्रं अजून कोणाला गेली?"

निनादनं आपली संगणक-पाटी उघडली. यादी वर सरकवता सरकवता त्याचा चेहरा उतरला. "चौसष्ट जणांना. गेल्या महिन्यात. एक ठसा, अनेक ठिकाणं, म्हणून नोंदी बाद." तो घाईनं म्हणाला, "पण त्यातली काही भांडी खरंच घाण असतील, ताई. सगळीकडे असंच असेल असं नाही."

"असतील. बघितल्याशिवाय कसं कळणार?" ती यादीवर वाकली. "ही दुर्पता नान्हे, भंडाऱ्याची. जलवेचकांच्या शिबिरात माझ्या शेजारी झोपायची. बाटलीला आपल्या लेकरासारखं जपायची ती! फोन लावा तिला."

तिथल्या तिथे फोन लागला. निनादनं आवाज मोठा केला.

"कोन बोलते?"

"दुर्पताबाई, मी सगुणा झोरे. सड्यावरची."

पलीकडून आवाज आला, "मी आता त्या कामावर नाही, बाई. काढून टाकलं मले. माह्या भांड्यात घाण निघाली म्हणते. महिना झाला, गावात तोंड दाखवाची लाज वाटते."

"कसली घाण निघाली?"

"गोगलगाय. एकच गोगलगाय, अठरा तलावात! आता तूच सांग, मी का गोगलगाय खिशात घेऊन फिरत होती?"

तनुजाबाई फोनजवळ सरकल्या. "पाण्यातली गोगलगाय," त्या पुटपुटल्या. "अठरा तलाव. निनाद, त्यांना विचार, नर पाहिलाय का कधी."

निनादनं विचारण्याऐवजी फोनच सगुणाकडे सरकवला.

"दुर्पताबाई," सगुणा म्हणाली, "तुला ते पत्र लिहिणारा साहेब इथं माझ्यासमोर उभा आहे. त्याला तुझ्याशी बोलायचंय."

आणि तिनं फोन निनादच्या तोंडासमोर धरला.