तलावातले चार खुंट

खंडेराव गेटजवळच्या मंदिरात मार्तंडराव कीर्तनाला निघाले होते, एवढ्यात सरला दारात आली. पेटी उचलून उभ्या असलेल्या नीलकंठाने ती पुन्हा खाली ठेवली. खाजगी तपासाच्या कामात तो मार्तंडरावांचा सोबती होता, पण जीव त्याचा पेटीत.

"काका, उद्या लखनौहून तपासणीचे साहेब येताहेत," सरला म्हणाली. "त्याआधी खरं कळलं नाही तर काम बंद होईल, आणि माझ्या चाळीस बायका पुन्हा दिल्लीकडच्या वीटभट्ट्यांवर जातील."

दुष्काळामुळे गुरसरायजवळच्या एका गावतलावाचा गाळ काढायला सरकारी निधी आला होता. यंत्र लावायचं नाही, गावानेच खणायचं. सरला तिथली मुकादम. तळ मुळातच उंचसखल, म्हणून खणताना मूळ जमिनीचे सात खुंट तसेच सोडले होते. खुंट जितका उंच, तितकं खणलेलं खोल, आणि पैसे त्याच मापाने. आज सकाळी त्यातले चार पडलेले सापडले. अभियंता दिवाकरबाबूंनी ठपका गावातल्याच जयसिंगच्या म्हशींवर ठेवला, आणि जयसिंगला ठाण्यात बसवलं.

"साहेब खुंटावर पाण्याची घागर ओतून बघतात म्हणे," सरला म्हणाली. "दिवाकरबाबूच कालपासून सांगत होते."

नीलकंठाने पेटीला खोळ घातली.

ठाण्यात जयसिंग सुरुवातीला नजर चुकवत होता. तलावाच्या तळात त्याने हरभरा पेरला होता. खोदकामात पीक गेलं म्हणून आठ दिवस त्याने शिव्या घातल्या, हे त्याने कबूल केलं. "पर भैंसें तो साले के यहाँ बँधी हैं, मालिक."

"मेहुण्याचा पुरावा," नीलकंठ पुटपुटला. "हाच असणार."

तलावात बांधालगतचे तीन खुंट उभे होते, माथ्यावर वाळकी दूब, म्हणजे हरळी. नीलकंठाने एकाला खांदा लावला. खुंट हलला नाही, सदरा मात्र मळला. पलीकडच्या कोपऱ्यात चार भुसभुशीत ढीग होते. आसपास खुरांचे जुने ठसे होते, शेणाचा पो एकही नाही. मार्तंडरावांनी ढिगातलं ढेकूळ फोडलं, त्यातून सुकलेलं पिवळं काहीतरी वेचलं, रुमालात बांधलं.

भूमिपूजन कुठे झालं, असं त्यांनी विचारलं. याच कोपऱ्यात, सरला म्हणाली. नारळ फोडला, टोपलीभर झेंडू वाहिला. पण नंतर बायकांना इथे खणू दिलं नाही. दिवाकरबाबूंनी बाहेरची माणसं आणली.

दिवाकर आदबीने बोलले. "सातही खुंट मीच आखले, भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी. त्यानंतर त्यांना कोणी हात लावलेला नाही. पूछ लीजिए."

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मार्तंडराव कीर्तनकाराच्या सबुरीने बोलू लागले.

"म्हशी आल्या असत्या तर आधी उभ्या खुंटांवरची दूब खाल्ली असती, आणि खूण ठेवून गेल्या असत्या. शिवाय खरा खुंट आमच्या नीलकंठालाही हलत नाही. जे पडले, ते भुसभुशीत होते. म्हणजे ते मूळ जमिनीचे नव्हतेच. कमी खणून, वर माती थापून उंच केलेले."

"कशावरून?" दिवाकरनी विचारलं.

मार्तंडरावांनी रुमाल उघडला. झेंडूच्या पाकळ्या.

"या ढेकळाच्या आत होत्या. खुंट तुम्ही पूजेच्या आधी आखले, कोणी हात लावला नाही. मग पूजेचं फूल खुंटाच्या पोटात कसं?"

"वाऱ्याने..." दिवाकर म्हणाले.

"पूजेच्या जागची माती उचलून तुम्ही खुंटांवर थापलीत. मग घागरीची गोष्ट कळली. पाण्याने चारही विरघळले असते, म्हणून आधीच पाडलेत. आळ घ्यायला जयसिंग तयारच होता, शिव्या घालून."

साहेबांनी उरलेल्या तीन खुंटांवर घागर ओतवली. पाणी ओघळून गेलं, खुंट तसेच उभे. त्यांनी दिवाकरना गाडीत बसवलं, आणि तो कोपरा सरलेच्या बायकांनी नव्याने खणावा, असं तिथेच लिहून दिलं.

जयसिंग सुटून आला. सरलेने हजेरीपट उघडला. "भैया, आपका नाम लिखूँ?"

तो हरभऱ्याच्या जागेपाशी गेला. मग कुदळ उचलली.

"चना तो गओ, बिन्नू. पानी तो आहै."

"येईल पाणी," म्हणत सरलेने त्याचं नाव लिहिलं.

मार्तंडरावांनी पाकळ्या त्या मातीवर परत वाहिल्या. "नीलकंठा, चल. आज तरी पहिल्या अभंगाला पोचू."