आधी कोण बोललं

छत्री उलटी झाली ती नेमकी उड्डाणपुलाखाली, जिथे तैवानमधल्या कीलुंगचा वारा बंदरावरून शिट्टी घालत आत शिरतो. बी-युन दोन्ही हातांनी छत्रीच्या काड्या आवळत होती, तेवढ्यात एक पिवळी टॅक्सी तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी उडवत येऊन थांबली.

"बसा, बसा! आता भिजायचं काही राहिलंय का?" काच खाली करून चालक हसत म्हणाला.

चांगलं खडसवावं असं तिच्या मनात आलं होतं. पण दारावर तिच्याच कंपनीचं नाव होतं, आणि त्याखाली आकडा — सदतीस. ती मुकाट्याने मागे बसली. केसांतलं पाणी निपटत तिने पत्ता सांगितला, दिवसभर माईकवर सांगायची तसाच, सरळ, स्वच्छ, शेवटचा शब्द किंचित वर उचलून.

चालकाचा हात गिअरवरच राहिला. तो हळूच मागे वळला.

"कंट्रोल?"

ती छत्रीच्या मोडक्या काड्या मिटायला लागली.

"तुम्ही कंट्रोलच आहात! अहो, वर्षभर हा आवाज माझ्या कानात बसलाय. मला वाटायचं, पन्नाशीच्या कुणी दांडग्या बाई असतील, गालात सुपारी धरून बसणाऱ्या…"

"आणि मला वाटायचं, सदतीस म्हणजे टक्कल पडलेले कुणी काका असतील."

"मग?" त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. भुवया दाट होत्या, डोळे मिश्कील. "निराशा झाली?"

"पुढे बघून चालवा," ती म्हणाली. पण घरापर्यंतच्या चढावर तीच तीनदा आरशात बघून चुकली.

त्याचं नाव झान वन-बिन. भाड्याचे पैसे त्याने घेतले नाहीत. "तुमच्याच आवाजावर पोट चालतं माझं," असं म्हणाला. ते किती खरं होतं हे तेव्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं… किंवा निदान एकाला नव्हतं.

कंपनीचं ऑफिस मासळीबाजारामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की बी-युन माईकवर पत्ता सांगायची आणि गावभर विखुरलेले चालक आपापली बटणं दाबायचे. "बावन्न, चार मिनिटं!" "एकोणीस, तीन!" दोघांनी एकदम दाबलं की नुसती किरकिर. त्या किरकिरीतून आधी कोण बोललं हे तिने ओळखायचं आणि त्याचा आकडा पुकारायचा. ती सांगेल तो पहिला. पावसाच्या गावात भाडी भरपूर, पण टॅक्सी त्याहून जास्त. एकेका भाड्यासाठी चालक जीव टाकायचे.

छत्रीच्या प्रसंगानंतर चार-सहा दिवसांनी अशाच एका किरकिरीत तिला वाटलं, सदतीस आधी होता. वाटलं खरं. पुन्हा एकदा वाटलं. मग वाटावं लागेना. तिचे कान आपणहून त्याच्याकडे वळायला लागले.

वन-बिन दुपारी जिना चढून यायचा. कधी देवळाजवळच्या बाजारातल्या गरम माशाच्या वड्या, कधी डब्यात तांदळाच्या पापडीचं सूप. दाराशी उभा राहून म्हणायचा, "कंट्रोलचा घसा बसला तर गाव पायी चालेल."

"घशाची काळजी आहे की गावाची?"

"घसा ज्यांचा आहे… त्यांची."

सुट्टीच्या दिवशी तो तिला गाडीतून बंदराजवळच्या बेटापलीकडच्या खडकांवर न्यायचा. लाटांचे तुषार काचेवर यायचे, वायपर एकदाच फिरवून तो बंद करायचा, आणि काच पुन्हा धूसर होईपर्यंत तिचा हात हातात धरून बसायचा. यीलानला आई असते, म्हणायचा. भाताचं शेत आहे, बदकं आहेत. "तुला नेणार एकदा. आईला सांगून ठेवलंय, एक आवाज घेऊन येतोय म्हणून."

"कधी?"

"नेणार गं…"

बी-युन तीस वर्षांची होती. तिला गोड बोलणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. तेव्हा त्या 'नेणार गं' वरही तिचे महिनेच्या महिने भागले.

पण बाकीच्यांना कान नव्हते थोडेच! बावन्न नंबरचे आ-क्वेई काका वयाने सगळ्यांत थोर, एके दिवशी ते माईकवरच बोलले, "कंट्रोल, आम्हीही बटण दाबतो हं. आमचं बोट म्हातारं झालं असेल, पण लुळं नाही!" बाकीचे हसले. बी-युनचे कान तापले. काकांची नात आजारी होती, त्यांना भाडी हवी होती, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी तिने काकांना दोनदा पुकारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सदतीस.

कुरबुरी मालकीण लुओ काकूंच्या कानावर गेल्या. काकू भांडणाला कंटाळलेल्या. त्यांनी नवी यंत्रणा मागवली. प्रत्येक गाडीत एक छोटा डबा बसवायचा. चालकाने बटण दाबलं की तोंड उघडण्याआधीच त्याचा आकडा कंट्रोलच्या पडद्यावर उमटणार. ज्याने आधी दाबलं तो वर, नंतरचा खाली.

"म्हणजे पोरी, तुझ्या डोक्याला ताप नाही," काकू म्हणाल्या. त्या भोळेपणाने म्हणाल्या की मुद्दाम, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

यंत्र बसवायला तायपेइहून गोंग नावाचा मिस्त्री आला. उंच, जरासा पोक काढून चालणारा. सारखी आल्याची गोळी तोंडात. वायरींच्या जंजाळात तो दिवसभर टेबलाखाली बसायचा आणि बोलायचा तेही टेबलाखालूनच.

"बी-युन बाई, एकोणीसला दाबायला सांगा."

"एकोणीस, दाबा."

"आला?"

"आला."

एकेक गाडी इमारतीखाली यायची, तिचा डबा बसायचा, आकडा उमटायचा. गोंग कधीमधी डोकं वर काढून तिच्याकडे बघायचा आणि बघतोय हे लक्षात आलं की पुन्हा खाली जायचा. एकदा त्या घाईत टेबलाच्या कडेवर टाळकं आपटून घेतलं. बी-युन खुदकन हसली. तोही हसला. मग मात्र बराच वेळ स्क्रू हातातून निसटत राहिले.

थोडे दिवस जुनी पद्धत आणि नवा पडदा शेजारी शेजारी चालवून बघायचं ठरलं होतं. पहिल्याच दुपारी इस्पितळाच्या फाटकावरून भाडं आलं. बी-युनने पत्ता सांगितला, किरकिर झाली, आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "सदतीस."

पडद्यावर वर बावन्न होता. सदतीस त्याखाली… तिसरा.

गोंग तिच्या मागेच उभा होता. दाराशी लुओ काकू चहा पीत होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"जुळणी व्हायचीय अजून," गोंग पटकन म्हणाला. "पडदा मागेपुढे दाखवतोय. आज रात्रीत ठीक करतो."

काकू गेल्या. बी-युनला मान वर करवेना. गोंगने खिशातून आल्याची गोळी काढून माईकशेजारी ठेवली आणि तो पुन्हा टेबलाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी वन-बिनने तिला गाडीत बसवून थेट धक्क्यावर नेलं. पाऊस भुरभुरत होता. बंदरातली मोठी जहाजं राखाडी होऊन गेली होती. त्याने शेंगदाणे घालून घोटलेला गोड बर्फ आणला होता, पण स्वतः खाईना.

"आ-युन, त्या डब्यात काही करता येत नसेल का?" लाडात आला की तो तिला असंच म्हणायचा.

"कसलं काय?"

"म्हणजे… माझा आकडा जरा आधी जाईल असं. करता येत असणारच. माणसाने बनवलेलं यंत्र आहे."

"मला काय माहीत?"

"मिस्त्रीला माहीत असेल ना." तो तिच्याकडे वळून बसला. "तो तुझ्याकडे बघत असतो. डबा बसवून घ्यायला आलो तेव्हा पाहिलंय मी. जरा गोड बोल त्याच्याशी. चहा दे, हस. एवढं तेवढं विचार त्याच्या घरचं. विरघळतो गं माणूस, मला माहीत आहे."

चमच्यातला बर्फ तिच्या हातावर सांडला. थंडगार. त्याने रुमालाने हात पुसून दिला, बोटन् बोट, हळुवार.

"आपल्यासाठीच म्हणतोय मी," तो म्हणाला. "तुला यीलानला न्यायचंय ना?"

तिला राग आला होता का? आला होता. पण त्याने हात धरून ठेवला होता, आणि राग त्या हातापेक्षा हलका निघाला.

म्हणून तिने चहा केला. चांगला, डोंगरातला, काकू पाहुण्यांसाठी ठेवायच्या तो. ओठांना किंचित रंग लावला. गोंग टेबलाखालून बाहेर आला तेव्हा तिने कप दोन्ही हातांनी पुढे केला आणि हसली.

"गोंग मिस्त्री, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

गोंगने आधी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वडील. आणि एक कासव," तो म्हणाला. "म्हणजे कासव वडिलांचं. पण जेवण मीच देतो. दोघांनाही."

तिला खरोखरीचं हसू आलं. ते बघून तोही खुलला आणि बोलत सुटला. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आता त्यांना दिसत नाही. कासव देवघराखाली जाऊन बसतं, मग दोघंही त्याला हाका मारतात. आठवडाभरात तो इतकं बोलला नव्हता. चहा निवत चालला होता. बी-युनने कपाच्या कडेवरून बोट फिरवत विचारलं, "एक विचारू? एखाद्या गाडीचा आकडा… दुसऱ्यांच्या जरा आधी येईल, असं करता येतं?"

खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"सदतीसचा?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"येतं," गोंग म्हणाला. "बाकीच्या डब्यांना पापणी लवेल एवढा उशीर लावायचा. कुणाला कळणार नाही." मग मान खाली घालून, "तुम्ही म्हणत असाल तर करतो मी. तुम्हाला बरं वाटणार असेल तर…"

आणि त्याने वर पाहिलं. कान लाल, डोळ्यांत भाबडी, ओशाळी आशा. वाईट काम करायला निघालेला माणूस, आणि तेही इतक्या आनंदाने! एका कप चहासाठी. एका हसण्यासाठी.

बी-युनला वाटलं, आपण आरशासमोर उभ्या आहोत. वर्षभर माईकसमोर बसून 'सदतीस' म्हणताना आपला चेहरा असाच दिसत असणार. अगदी असाच.

"नको," ती म्हणाली. "काही नको करू… नका करू. मी उगाच विचारलं."

"पण मी—"

"नको म्हटलं ना!" तिचा आवाज चिरकला. तिने कप उचलला, मोरीत ओतला आणि कितीतरी वेळ विसळत राहिली.

नवी यंत्रणा सुरू व्हायच्या सकाळी वन-बिन जिन्यात भेटला. हातात वड्यांची पिशवी.

"झालं काम?"

"नाही. होणारही नाही."

"नाही म्हणाला? मग तू नीट बोलली नसशील—"

"नीट बोलले. तुझ्याकडूनच शिकले." तिने कठडा धरला. "वन-बिन, एकच सांग. मी तुला आवडते?"

"हे काय विचारणं झालं? आवडतेसच की."

"कधीपासून?"

तो हसायला गेला. हसू अर्ध्यावर राहिलं. जिन्याच्या खिडकीतून मासळीचा वास येत होता, खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं. त्याने कुठलासा एक दिवस तोंडाशी आणला, गिळला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खोटं सांगायला त्याला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

"आधी… भाड्यांसाठीच," तो शेवटी म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, आता तसं नाही. पण कधी बदललं ते मला नाही माहीत, आ-युन. मी काही बघून ठेवलं नाही."

एखादा दिवस सांगितला असता त्याने, त्या छत्रीचा, खडकांवरचा, कुठलाही, तर तिने विश्वास ठेवला असता. हे तिला स्वतःलाच कळलं आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"वड्या निवतील," ती म्हणाली. "तू खा."

यंत्र चांगलं चाललं. भांडणं थांबली. आ-क्वेई काकांचं बोट खरंच लुळं नव्हतं, त्यांचा आकडा दिवसातून कितीदा तरी वर यायचा. सदतीसही यायचा, त्याच्या वाट्याचा. आकडा आला की ती पुकारायची, नाही आला की नाही. दोघांमध्ये तेवढंच बोलणं उरलं.

गोंग निघाला तेव्हा ती दारापर्यंत गेली.

"त्या दिवशी… तो चहा मी…"

"चहा छान होता," तो म्हणाला. थोडं घुटमळून, पिशवीचा पट्टा खांद्यावर सरकवत त्याने विचारलं, "तायपेइला कधी आलात, तर जेवायला याल? कासव दाखवतो."

साधं बोलणं. पण बी-युन ते कान देऊन ऐकत राहिली. शब्दांमागे काय आहे, याला आपल्याकडून काय हवंय, हे चाचपत राहिली. काही सापडलं नाही. तरी तिचं चाचपणं थांबेना.

"बघू," ती म्हणाली.

त्याने मान लववली आणि जिना उतरून गेला.

हिवाळ्यात लुओ काकूंनी सांगितलं की वन-बिन जातोय, ताओयुआनच्या विमानतळाकडे दुसऱ्या कंपनीत. महिनाअखेरीला डबा काढून घेणार. बी-युन "बरं" म्हणाली.

शेवटच्या दुपारी फोन शांत होते. बाहेर तोच भुरभुर पाऊस. तिने कुठलाही पत्ता सांगितला नव्हता, आणि तरी पडद्यावर एक आकडा उमटला. सदतीस. सोबत आवाज नाही. फक्त उघड्या माईकची हलकी खरखर आणि मागे कुठेतरी वायपरची ये-जा.

जुन्या दिवसांत ती नुसती खरखर असती, कुणाचीही. आता आकडा समोर होता.

तिने माईक जवळ ओढला. तोंडाशी खूप काही आलं.

"सदतीस, बोला," ती म्हणाली, बाकी सगळ्यांना म्हणायची तसं.

खरखर चालू राहिली. वायपर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मग त्याने बटण सोडलं आणि आकडा विझला. शेजारचा फोन वाजत होता. मासळीबाजारातून कुणाला तरी स्टेशनला जायचं होतं. बी-युनने पत्ता लिहून घेतला, घसा खाकरला आणि सरळ, स्वच्छ आवाजात गावभर सांगितला.