उलट्या पावली आलेली वागळी

वागळी मारायला जाणाऱ्यानं पाय उचलून चालायचं नसतं. पाय वाळूत घासत जायचं. घासल्याचा आवाज झाला की वाळूखाली चटईसारखी पसरलेली ही चपटी मासळी दचकते, शेपटी आवरते आणि पळते. पळाली की भाला मारायचा. पाय उचलून टाकलास तर तो थेट तिच्या पाठीवर पडणार, मग शेपटीतला काटा पोटरीत. आणि त्या काट्याचं दुखणं असं, की दांडगे पुरुष वाळूत गडाबडा लोळतात, आईच्या नावानं हंबरडा फोडतात.

आबाइआंग बेटावर हे लहान पोरालाही कळतं. इओतेबाला मात्र तिथं आल्यावर शिकावं लागलं. तो दक्षिणेकडचा, ओनोटोआ बेटाचा. लग्न करून बायकोच्या गावी राहायला आलेला. दोन वर्षं झाली तरी गाव त्याला नावानं हाक मारत नव्हतं. 'ओनोटोआवाला' म्हणायचे. त्याची त्याला सवय झाली होती. राग यायचा बंद झाला होता.

पण चार दिवसांवर त्याच्या लेकीचा, किनाइचा, पहिला वाढदिवस आला होता. पहिला वाढदिवस म्हणजे सगळं गाव जेवणार. बायकोच्या माहेरनं डुक्कर दिलं, अळू दिलं, माडीचा पाक दिला. मासे बापानं आणायचे, स्वतःच्या हातानं मारलेले. त्या दिवशी माशांची रास छोटी दिसली असती तर ओनोटोआवाला मरेपर्यंत ओनोटोआवालाच राहिला असता.

म्हणून त्या सकाळी ओहोटी लागल्या लागल्या तिघं बेटानं वेढलेल्या आतल्या उथळ समुद्रात उतरले. मध्ये इओतेबा, डावीकडे बाउरो, उजवीकडे गावातला थट्टेखोर नाकिबाए. पाणी गुडघ्याएवढं, कोमट आणि काचेसारखं.

"पाय घास रे," नाकिबाए ओरडला. "नवी नवरी उंबरा ओलांडते तसा काय चालतोस?"

"घासतोय की."

"आवाज येऊ दे. वागळीला कळू दे जावई आलेत."

बाउरो हसला. तो इओतेबाच्या बायकोचा चुलतभाऊ, कमी बोलणारा. "तुमच्याकडे वागळ्या नाहीत का रे?" त्यानं विचारलं.

"आहेत. आमच्या घरी आणत नसत. म्हातारा म्हणायचा, मला वास सोसत नाही."

म्हातारा म्हणजे ज्यानं त्याला वाढवलं तो. तिकडे ही रीतच आहे, आजोबाच्या वयाचा माणूस तान्हं मूल मागून घेतो आणि आपलं म्हणून वाढवतो. इओतेबाला तीन महिन्यांचा असताना दिलेला. गावच्या मोठ्या छपराखाली, मनेआबात, प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली असते. इओतेबा जन्मभर म्हाताऱ्याच्या जागेवर बसला. ज्यांनी जन्म दिला ते कुठल्या जागेवर बसत होते, हे त्यानं कधी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

पहिली वागळी नाकिबाएसमोरून उठली. वाळूचा धुरळा उडाला, काळं फडकं सरसरत गेलं. पण ती खोल पाण्याकडे पळायची सोडून वळली आणि इओतेबाच्या दिशेनं आली. नाकिबाएचा भाला चुकला.

दुसरी बाउरोच्या पायापासून उठली. तीही वळली.

"आज यांना झालंय काय?" बाउरो म्हणाला.

तिसरी तर समोरूनच आली. परातीपेक्षा मोठी, पाठ ओल्या वाळूच्या रंगाची. संथ, अंगाचे काठ हलवत आली आणि इओतेबाच्या दोन पायांपुढे हातभर अंतरावर थांबली. वर आलेल्या दोन डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं पाय घासला. ती हलली नाही. पुन्हा घासला. ती खाली बसली, जशी म्हातारी बाई चटईवर टेकते तशी.

"मार की!" नाकिबाए कुजबुजला. "काय बघतोस?"

इओतेबानं भाला मारला. दोन डोळ्यांच्या मधोमध.

वागळी तडफडते. भाला हातातून उपटून नेते. ही तडफडली नाही. तिची शेपटी सावकाश पाण्यातून वर आली, सावकाश वळली, आणि त्याच्या डाव्या पोटरीवर टेकली. तो बघत होता. पाय मागे घ्यायला वेळ होता. घ्यावासा वाटला नाही. काटा बोटभर आत गेला आणि तितक्याच सावकाश बाहेर आला.

नाकिबाएनं भाला टाकला आणि धावत त्याला काखेत धरलं. "बस, बस! बाउरो, दुसऱ्या बाजूनं धर!"

"काही झालं नाही."

"काटा गेला की आत, मी बघितला!"

"हो. दुखत नाही."

दोघांनी त्याचा पाय पाण्याबाहेर काढला. पोटरीला भोक होतं, करंगळी जाईल एवढं. रक्त नव्हतं. भोकाच्या कडा पांढऱ्या.

"ओरड की रे," नाकिबाए म्हणाला. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "माझा बाप ओरडला होता. सगळेच ओरडतात."

इओतेबानं भोकात बोट घालून पाहिलं. बोटाला पाय लागला. पायाला बोट लागलं नाही.

रिवाजाप्रमाणे नाकिबाएनं आधी शेपटीतला काटा कापून घेतला, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून पानात गुंडाळला. बाउरोनं वागळी ओढत घेतली. तिघं किनाऱ्याकडे निघाले. इओतेबा सरळ चालत होता. डावा पाय कुठं पडतोय ते त्याला खाली बघूनच कळत होतं.

माडांपाशी आले तेव्हा रडणं ऐकू आलं.

किनाइ रडत होती. भुकेचं रडणं नाही, हट्टाचं नाही. श्वास कोंडेपर्यंत किंकाळी, मग शांतता, मग पुन्हा किंकाळी. तिची आई तेरेतिया तिला छातीशी धरून झोपडीच्या ओट्यावर डोलत होती. पोरीनं डावा पाय पोटाशी ओढून घेतला होता.

"कधीपासून?" बाउरोनं विचारलं.

"आत्ताच. खेळत होती, शंख आपटत होती हातानं. मुंगी नाही, विंचू नाही, सगळं अंग बघितलं. कुठं काही नाही!"

इओतेबानं लेकीचा पाय हातात घेतला. पोटरी स्वच्छ होती. हात लागताच ती अशी किंचाळली की त्यानं हात सोडला.

तेरेतियाची आजी, नेइ ताकेइ, चुलीपाशी बसली होती. तिनं पोरीकडे बघितलं नाही. नातजावयाच्या पायाकडे बघितलं.

"वागळी?"

"हो आज्जी. पण दुखत नाही."

"पाय आण."

वागळीच्या काट्यावर उपाय एकच, सोसेल तितकं गरम पाणी. म्हातारीनं डेचकं पुढं ढकललं. इओतेबानं पाय आत घातला.

"गार आहे," तो म्हणाला.

म्हातारीनं बोट बुडवलं आणि झटक्यात काढून तोंडात घातलं. त्याच्या पायाची कातडी लाल होत चालली होती.

आणि किनाइ गप्प झाली.

हुंदके देत, मान टाकून आईच्या खांद्यावर पडली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इओतेबानं पाय बाहेर काढला.

किंकाळी.

त्यानं पाय आत घातला. शांतता. बाहेर काढला. किंकाळी. तिसऱ्यांदा करून बघायचं धाडस कुणाला होईना, पण नाकिबाएनं त्याचा गुडघा धरून करायला लावलंच. तेच झालं. मग नाकिबाए उठून ओट्याच्या टोकाला जाऊन बसला.

"जावई," म्हातारी म्हणाली, "तू कुणाच्या पोटचा?"

"ओनोटोआच्या तेकाइ म्हाताऱ्याचा."

"कुणी वाढवला ते नाही विचारलं."

"माहीत नाही."

"घरात वागळी शिजायची?"

"कधीच नाही."

म्हातारी चुलीतली राख सारू लागली. "काही कुळं वागळीला आपली मानतात, मारत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना ती दुखवत नाही, असं म्हणतात."

"मग हिला का?" तेरेतियानं विचारलं. "ही तर आपल्या कुळाच्या जागेवर बसणारी!"

"दुखणं कुठंतरी जाणारच की," म्हातारी म्हणाली. "पोरी, मला विचारू नकोस. मला एवढंच येतं."

पाणी निवत होतं. पोरगी पुन्हा कण्हायला लागली. इओतेबानं तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ निळसर झाले होते. आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. पण आतही त्या पायासारखंच बधिर झालं होतं.

"काटा कुठाय?" त्यानं विचारलं.

नाकिबाएनं पानाची पुरचुंडी दिली. हात लांब करून, तोंड फिरवून.

इओतेबानं पाय बाहेर काढला. किनाइ किंचाळली. त्यानं काट्याचं टोक भोकावर ठेवलं आणि दाबलं. काटा बोटभर आत गेला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही.

"अरे, हाड लागेल," बाउरो म्हणाला.

त्यानं काटा फिरवला.

मग ते आलं. पोटरीतून वर, मांडीतून वर, जणू कुणी पेटता पलिता शिरेतून ओढला. इओतेबा ओट्यावरून खाली पडला. वाळूत लोळला. ज्या आईचं नाव त्याला माहीत नव्हतं तिला त्यानं हाका मारल्या. भोकातून रक्त आलं, लाल, भरपूर.

किनाइ झोपली.

बाउरो वागळी परत समुद्रात टाकून आला. ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले. मग म्हणाला, "गेली."

"वाहून?"

"नाही. पोहत. डोळ्यांमधलं भोक घेऊन."

चौथ्या दिवशी सगळं गाव मनेआबात जमलं. बाउरो आणि नाकिबाएनं दोन दिवस राबून मासे आणले होते आणि इओतेबाच्या नावानं रास लावली होती. त्यावर कुणी ब्र काढला नाही. पाय सुजून केळीच्या खुंटासारखा झालेला, दर पावलाला जीव जात होता, आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "दुखतंय. फार दुखतंय." सांगताना हसत होता.

"या, इओतेबा," गावचा वडीलधारा म्हणाला. "असे इकडे बसा." नावानं.

तेवढ्यात बायकांचा गलका झाला. किनाइ चालायला लागली होती. कुणाचं बोट न धरता. पाय उचलत नव्हती, वाळूत घासत चालत होती. सगळे हसले. "बघा, बापाची लेक," नाकिबाए म्हणाला, आणि तिच्या पायांकडे बघत राहिला.

गाणं सुरू झालं. डुक्कर भाजायचा खड्डा नुकताच उघडला होता. पोवळ्याचे तापलेले दगड बाजूला काढून ठेवले होते, बाहेर, वीस पावलांवर. इओतेबा खांबाला टेकून बसला होता. मागून घासल्याचा आवाज आला. लेक आली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि मूठ उघडून त्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

तो ओरडला. हात झटकला. सुपारीएवढा दगड चटईवर पडला आणि चटईतून धूर निघाला.

किनाइ त्याच्याकडे बघून हसत होती. दुसरी मूठ तिनं अजून उघडली नव्हती.